मारायचं नाही अशांची यादी

यतीन कारखानीसला कुणालाही नाही म्हणता येत नसे. त्याचं कौतुक म्हणून हे सांगत नाही, दोष म्हणून सांगतोय. भाईंदरच्या केबिन रोडला एकदा पडद्याची एक दांडी आणायला गेला आणि तीन घेऊन आला, कारण दुकानदार म्हणाला, "साहब, सेट है, तीनों ले जाओ." बेडरूमला खिडकी एकच. त्याची बायको रुचिता उरलेल्यांतल्या एका दांडीने अजून माळ्यावरच्या पिशव्या खाली ओढते आणि दर वेळी त्याला ऐकवते, "एकदा तरी कुणाला नाही म्हणा. जीभ झडणार नाही." मीरा रोडला हाटकेशमधल्या त्यांच्या बिल्डिंगचा गणपती असो की ऑफिसातला कुणाचा निरोप समारंभ, काम यतीनच्या गळ्यात पडायचं आणि तो मान पुढे करायचा.

उत्तनचं कामही असंच गळ्यात पडलं, पण ते त्याने जीव ओतून केलं. अंधेरीच्या ऑफिसात त्याच्या शेजारी बसणारा स्टीवन भाईंदरजवळच्या उत्तन या मच्छीमार गावचा. स्टीवनचे वडील टोनी हे तांडेल, म्हणजे बोट ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. चार वर्षांपूर्वी टोनींच्या धाकट्या भावाची बोट उलटली. किनाऱ्यापासून जेमतेम दीड तासाच्या अंतरावर. मोबाइलला रेंज नाही, वायरलेस भिजलेला. गावाला कळलं दुसऱ्या दिवशी. माणूस सापडलाच नाही. बारा दिवसांनी स्टीवन कामावर आला आणि चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाला, "एक बटन पायजे रे. दाबलं की गावात कळलं पायजे. बस, बाकी काय नको."

यतीन नाही म्हणाला नाही. त्या वेळी तर म्हणायलाही नको होतं.

दीड वर्ष तो रविवारी उत्तनला जात राहिला. प्रत्येक बोटीवर एक नारिंगी डबी बसली, पाणी आत न जाणारी. दर दहा मिनिटांनी ती आपला ठावठिकाणा कळवायची. शेजारच्या डोंगरी गावाच्या टेकडीवर एक अँटेना, त्याला जोडलेली एक पेटी, आणि तिथून संदेश पाड्यावरच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात, कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटरवर यतीनने लिहिलेला प्रोग्राम चालायचा, त्याचं नाव त्याने ठेवलं होतं 'होडी'. भिंतीवरच्या टीव्हीत समुद्राचा नकाशा आणि प्रत्येक बोटीचा एक हिरवा ठिपका. अर्धा तास खबर आली नाही तर ठिपका पिवळा. डबीवरचं बटन दाबलं तर लाल, आणि छपरावरचा भोंगा सुरू. दोन वर्षांत दोनदा भोंगा वाजला. दोन्ही वेळा इंजिन बंद पडलं होतं, दोन्ही वेळा बोटी जाऊन दोरीने ओढून घेऊन आल्या. दुसऱ्या वेळी टोनींनी बंदरावरच यतीनला मिठी मारली. त्याच्या शर्टाचा डिझेल आणि बोंबलांचा वास दोन धुण्यांत गेला नाही.

टोनींची बायको विल्मा त्याला दारात पाहिलं की विचारायची, "यतीन, जेवलास का न्हाय?" तो काही म्हणो, ताट यायचंच. या घराने आपल्याला आपलं मानलं याचा त्याला फार आनंद होता. गिरगाव सोडून मीरा रोडला आल्यापासून कुणी त्याला असं दारातून विचारलं नव्हतं.

आता कॉम्प्युटर. तो यतीनच्या ऑफिसने मोडीत काढलेला, त्याने साहेबांना विचारून आणलेला. मेमरी कमी, पण एकट्या होडीला भरपूर. घोटाळा असा की सोसायटीत तो एकच चांगला कॉम्प्युटर होता, आणि यतीनही एकच होता. सेक्रेटरी पंढरीनाथ चेणे गावाहून स्कूटरवर यायचा. त्याला डिझेलच्या कोट्याचा हिशेब त्यावर हवा झाला. बर्फाच्या कारखान्यावरच्या दशरथला थंडीचा आकडा दिसायला हवा होता, नाहीतर बर्फ विरघळतो. स्टीवनची बहीण जोआन पाड्यावरच्या चॅपेलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, तरुण मंडळात. तिला सणाची प्रार्थना आणि मिरवणूक थेट दाखवायची होती, कुवेतला आणि जहाजांवर नोकरीला असलेल्या गावकऱ्यांसाठी. यतीनने सगळ्यांना हो म्हटलं. सगळं त्याच कॉम्प्युटरवर बसवलं.

कॉम्प्युटरचा स्वभावही थोडाफार यतीनसारखाच असतो. प्रोग्राम मेमरी मागतात, तो देतो. आहे त्यापेक्षा जास्त देऊन बसतो. सगळे एकदम थोडेच वापरणार आहेत, असा त्याचा भरवसा. बहुतेक दिवस तो भरवसा खरा ठरतो. एखाद्या दिवशी सगळे एकदम वापरायला काढतात आणि मेमरी संपते. मग सिस्टिम चालू प्रोग्रामांवरून नजर फिरवते, जास्त जागा खाणारा एक निवडते आणि त्याला मारून टाकते. विचारत नाही, सांगत नाही. आत एका नोंदवहीत ओळ लिहिते, एवढंच.

पहिल्यांदा मेला तो पंढरीनाथचा हिशेब. त्याने फोन केला, "यतीनभाऊ, माझंच का बंद झालं? दशरथचं तर चाललंय." यतीनने त्याच्या प्रोग्रामवर खूण करून ठेवली: याला मारायचं नाही. अशी सोय सिस्टिममध्ये असते. पुढच्या महिन्यात दशरथचा आकडा गेला. दशरथ दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्यालाही खूण. मग नाताळच्या आधीच्या सरावात जोआनचा व्हिडिओ अर्ध्यात तुटला आणि तिने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "दादा, कुवेतवाले हसले आमच्यावर." तिलाही खूण. यादी वाढत गेली. होडीचं नाव त्यात नव्हतं.

ऑफिसातल्या नीरजने हे ऐकलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. नीरज त्यांच्यातला सगळ्यात कडक माणूस. सर्व्हर बंद ठेवेन पण अर्धवट चालवणार नाही, असा.

"तू त्या मशीनला लबाडी शिकवतोयस," तो म्हणाला. "आधी हो म्हणायचं आणि मग कुणाचा तरी गळा दाबायचा. त्यापेक्षा सुरुवातीलाच सांगावं ना, जागा नाही, जा. तशी सेटिंग असते."

"मग अर्ध्या गोष्टी सुरूच होणार नाहीत. लोक बोंबलतील."

"बोंबलू देत. निदान कळेल तरी कमी पडतंय म्हणून. ते नको असेल तर मेमरी संपली की अख्खं मशीन बंद पाड आणि पुन्हा चालू कर. चार मिनिटं सगळं काळं पडेल, सगळ्यांना दिसेल, कोणीतरी फोन करेल. गुपचूप एकाला मारून बाकीचं छान चाललंय असं दाखवणं, हे सगळ्यात वाईट." मग त्याने विचारलं, "तुझी होडी आहे ना यादीत?"

"ती लहान आहे रे. मोठ्याला मारतात ते. तिला कोण हात लावतंय."

"मोठ्यांना तर तू सगळ्यांना अभय देऊन बसलायस. मारायला उरलं कोण?"

यतीन हसला. त्याने टाळलं, पण कारण आळस नव्हता, हे मला सांगायला हवं. पंगतीत घरचा माणूस शेवटी बसतो. पाहुण्यांना आधी, आपलं नंतर. आपल्या पानाला काय, काहीही चालतं. गिरगावातल्या चाळीत तो असाच वाढला होता. होडी त्याची स्वतःची होती, म्हणून यादीत तिला वर घालणं त्याला हावरटपणाचं वाटलं. मेली तर आपोआप पुन्हा सुरू होईल अशी सोय तिला करायची होती, तीही दर रविवारी दुसऱ्या कुणाच्या कामापायी राहून गेली. बोटी सगळ्यांच्या होत्या, म्हणून बोटींसाठी भांडायला कुणीच आलं नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी चॅपेलचा सण होता. सणाला बोटी बाहेर नसतात, सगळ्या धुऊन, पताका लावून बंदरात उभ्या असतात. पण सोमवारी मोठा वारा सुटेल असा इशारा आला होता आणि टोनींची डोल, म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेलं मोठं जाळं, बाहेर राहिली होती. ती गेली असती तर हंगामच गेला असता. तीन खलाशी घेऊन ते शनिवारी निघाले. "संडेला जेवायला हजर," असं विल्माला सांगून गेले.

रविवारी टीव्हीवर एकच ठिपका होता, बंदरातल्या बोटींच्या डब्या बंद होत्या. यतीन आणि रुचिता नऊलाच उत्तनला पोचले. साडेदहाला प्रार्थना सुरू झाली, जोआनने कॅमेरा चालू केला. कुवेत, दोहा, दोन जहाजं, मालाडला लग्न होऊन गेलेल्या मुली, सगळे बघायला लागले. व्हिडिओ जितका वेळ चालेल तितका फुगत होता. चॅपेलमधून मिरवणूक निघाली. स्टीवन मूर्तीच्या चौरंगाला खांदा देऊन होता.

वारा सोमवारपर्यंत थांबला नाही. बाराच्या सुमाराला मांडवाचं कापड फडफडायला लागलं, मेणबत्त्या विझल्या, आणि बायकांनी हसत हसत डोक्यावरचे पदर धरले. एकच्या सुमाराला विल्मा गर्दीतून यतीनकडे आली. हात पिठाचे, चेहरा उतरलेला.

"यतीन, वारा सुटलाय. जरा येतोस?"

ती त्याला सोसायटीच्या ऑफिसात घेऊन गेली. टीव्हीवर नकाशा होता. ठिपका होता. हिरवा.

"हिरवा हाय ना?" विल्माने विचारलं. "म्हंजे बरा हाय ना तो? का पोरांना बोट काढायला सांगू? आता सांगितला तर निघतील."

यतीनने बाहेर पाहिलं. पोरं नव्या शर्टात, मिरवणूक अर्ध्यावर, बँड वाजतोय. सण मोडायचा, तोही एका हिरव्या ठिपक्यासाठी? आणि विल्माच्या डोळ्यांत तिला काय ऐकायचंय ते स्पष्ट दिसत होतं. समोरच्याला हवं ते देण्याची त्याला जन्माची सवय.

"कशाला, आंटी? हिरवा आहे म्हणजे ठीक आहेत. येतीलच आता."

विल्माने सुटकेचा श्वास टाकला. मग विचारलं, "तू जेवलास का न्हाय?"

तो जेवला. डुकराच्या मटणाचं सरपटेल होतं, सोबत तळलेले फुगियास होते, त्याने दोनदा घेतलं.

साडेतीनला स्टीवन त्याच्याजवळ आला. "पप्पा आतापर्यंत यायला हवे होते. बघतोस जरा?" दोघं ऑफिसात गेले. ठिपका तिथेच होता, दुपारी होता तिथेच, केसभरही सरकलेला नाही. यतीन टीव्हीच्या अगदी जवळ गेला. ठिपक्याखाली बारीक अक्षरात शेवटच्या खबरेची वेळ असते. एवढ्या लांबून ती कुणी वाचत नसे. त्यानेही दुपारी वाचली नव्हती. अकरा अठ्ठेचाळीस.

ठिपका पिवळा करणारी होडी होती, आणि होडी चालू नव्हती. टीव्हीवर राहिलं होतं ते तिने शेवटी काढलेलं चित्र.

तो कळफलकाशी बसला. मग होडी सुरू झाली. टेकडीवरची पेटी इमानी होती. घेणारं कुणी नाही म्हणून तिने आलेले सगळे संदेश साठवून ठेवले होते, ते तिने आता एकामागोमाग एक दिले. बारा वीस, बटन दाबलं. बारा तेवीस, बटन दाबलं. बारा एकतीस. असं अकरा वेळा. शेवटचं दोन वाजून चाळीस मिनिटांनी.

तीन बावन्नला छपरावरचा भोंगा वाजला. अख्ख्या पाड्यावर ऐकू गेला. बँड थांबला. हातातली ताटं जमिनीवर ठेवून माणसं नव्या कपड्यांत बंदराकडे धावली, आणि विल्मा दारात येऊन यतीनकडे बघत उभी राहिली. भोंगा आता का वाजतोय हे तिला कळत नव्हतं. स्टीवनला कळलं होतं. तो बंदराकडे पळाला.

पताका लावलेल्या पाच बोटी गेल्या. साडेपाचला त्यांना तिघे खलाशी सापडले, डिझेलच्या रिकाम्या पिंपाला बिलगलेले. टोनी नव्हते. तिघांनी सांगितलं ते असं: वाऱ्याचा झोत आला आणि जाळ्याच्या वजनाने बोट कलंडली. डबी टोनींनी बोटीवरून काढून मनगटाला बांधून घेतली होती. पिंपावर चौघांना जागा नव्हती, ते बाजूला दोरी धरून राहिले. बटन दाबायचे आणि म्हणायचे, गावात भोंगा वाजलाय, बोटी निघाल्या हायत, दीड तास धरून ठेवा. दीड तास झाल्यावर म्हणाले, सण हाय ना, जरा उशीर व्हईल. तिनाच्या आसपास त्यांचा हात सुटला. तिसऱ्या दिवशी वसईच्या बाजूला ते किनाऱ्याला लागले. डबी मनगटाला तशीच होती.

यतीनने नोंदवही सणाच्याच रात्री वाचली होती. दोनच ओळी महत्त्वाच्या. वरच्या ओळीत, मेमरी कुणी मागितली ते: जोआन-लाइव्ह. ओळखायला सोपं जावं म्हणून हे नाव त्यानेच दिलं होतं. खालच्या ओळीत, कुणाला मारलं ते: होडी. अकरा एकोणपन्नास. होडी मेल्याने जी जागा सुटली तेवढ्यावर व्हिडिओचं भागलं. मिरवणूक संपेपर्यंत तो एकदाही तुटला नाही. त्याने तो कागद छापून घेतला आणि खिशात ठेवला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पंढरीनाथ म्हणाला, "वाऱ्याने अँटेना हलला असं लिहू या, यतीनभाऊ. मशीनचं काय, ते मशीन. उगाच तुमच्यावर नको." यतीन खाली मान घालून बसला. नीरजने त्याला फोन केला होता. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला नाही, आणि ते ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं असं यतीनला वाटलं.

नवव्या दिवशी तो एकटाच विल्माकडे गेला. घरात बायका बसल्या होत्या, त्या उठून आत गेल्या. विल्मा काळ्या कपड्यांत, भिंतीला टेकून. जोआन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी.

"अँटेना हलला नव्हता, आंटी," तो म्हणाला. "टोनीकाकांनी बटन दाबलं होतं. अकरा वेळा. टेकडीवर पोचलं होतं. इथला माझा प्रोग्राम मेला होता."

"मेला म्हंजे?"

त्याने सांगितलं. जागा संपते, कुणाला तरी मारावं लागतं, कुणाला मारायचं नाही त्याची एक यादी असते.  विल्माने सगळं ऐकून घेतलं.

"यादी कोण लिवतो?"

"मी."

"आन् बोटींचा नाव?"

"लिहायचं राहिलं."

"मी तुला इचारला होता. पोरांना पाठवू का, इचारला होता." तिचा आवाज चढला नाही. "तू हिरवा हाय म्हणालास."

"हो."

 मग तिने तोंड भिंतीकडे केलं. तो उठला. त्या घरात पहिल्यांदाच त्याला कुणी जेवलास का विचारलं नाही.

फाटकाशी मागून पावलं आली. जोआन होती. आठवडाभरात तिचे गाल बसले होते.

"दादा, त्या दिवशी नेमकी जागा कशानं संपली?"

"सगळंच चालू होतं गं. डिझेल, बर्फ. सगळ्यांचं मिळून."

"मशीन लिहून ठेवतं ना? स्टीवन बोलला. त्याच्याकडे नाय, तुमच्याकडे आहे म्हणाला." तिने हात पुढे केला. "तो कागद द्या मला."

कागद त्याच्या छातीवरच्या खिशात होता. घडी घातलेला, घामाने मऊ पडलेला. तिला तो द्यायचा नाही एवढंच त्याला कळत होतं. या एकीला तरी वाचवायचं. तेवीस वर्षांची पोर, उभा जन्म तीच ओळ वाचत बसेल. त्याने खिशावर हात ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

जोआनचा हात तसाच पुढे राहिला. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग हळूच तिने हात खाली घेतला.

"तुम्ही कुणाला कधी नाय म्हणत नाही, दादा," ती म्हणाली. "माझंच नाव आहे ना त्यात?"

त्याचा हात खिशावरून निघाला नाही. ती वळून घरात गेली, आणि आतून विल्माचा आवाज आला, "काय म्हणाला तो?" जोआन काय म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही.